रेमीच्या झाडाचा टिकी

मित्रांनो, सुरुवातीला असं म्हणायची रीत आहे म्हणून म्हणते. खरं सांगू? हातात नव्यानं हत्यार घेणाऱ्या माणसाशी माझी मैत्री कधीच झाली नाही आणि व्हायचीही नाही. मी एक म्हातारी पटाशी, गोल धारेची. नवशिक्यांचा मला मनापासून राग येतो. तुम्ही म्हणाल, इतका कसला राग? ऐका मग.

माझा जन्म भर समुद्रातल्या, फ्रान्सच्या ताब्यातल्या उआ हुका बेटावरचा. सुकं खोबरं वाहून वाहून मोडलेल्या एका ट्रकच्या कमानीतला मी पाटा होते आणि गवतात गंजत पडले होते. आमच्या दरीतला कोरीव काम करणारा व्हेनान्स मला उचलून घरी घेऊन आला. त्यानं करवंट्यांच्या निखाऱ्यात मला लाल केलं, ऐरणीवर ठोकलं, खोबरेल तेलात बुडवून विझवलं. मग पेरूच्या लाकडाची मूठ बसवली आणि दगडावर अशी धार लावली की त्याच्या हातावरचे केस सुटून यायचे. तो दिवस माझ्या आयुष्यातला सर्वांत चांगला दिवस होता.

त्यानंतर मी खूप काम केलं. टिकी केले, म्हणजे वाडवडिलांच्या मूर्ती, लहान-मोठे, भेंडीच्या लाकडाचे. त्या झाडाला आमच्याकडे मिओ म्हणतात. मोठं डोकं, वटारलेले गोल डोळे, कानापर्यंत फाकलेलं तोंड, पोटावर ठेवलेले हात आणि वाकलेले गुडघे, असा आमचा टिकी. गावातल्या चर्चमधल्या व्यासपीठावरची नक्षीही माझीच. बिशप आले तेव्हा त्या नक्षीवरून हात फिरवून म्हणाले, "वा, व्हेनान्स, काय हात आहे तुझा!" हात म्हणे. कापलं कोणी? मी. पण पटाशीचं कौतुक कोण करतो?

मग व्हेनान्सच्या बोटांचे सांधे सुजले. मूठ वळेना. त्यानं मला फडक्यात गुंडाळून डब्यात ठेवलं, आणि तिथून त्याच्या बायकोनं, ताहियानीनं, मला बाहेर काढलं. कशासाठी, तर चुलीत भाजलेल्या नीरफणसाची जळकी साल खरवडायला! व्यासपीठ कोरलेली मी, आणि स्वयंपाकघरात काजळी खरवडत होते. माझी धार गेली, मुठीला तेलकट चिकटा बसला. वर ती शेजारणीला सांगायची, "ह्याचं एक तरी हत्यार माझ्या उपयोगी पडलं बाई."

अशा दिवसांत दामास उगवला.

दामास शेजारच्या म्हातारीचा नातू. तिशीतला, आडदांड, हसरा. दूर पापीते शहरात बांधकामावर होता, ते काम सुटलं म्हणून बेटावर परतला होता. एक दिवस सकाळी व्हेनान्सच्या अंगणात येऊन उभा राहिला.

"काका, मला टिकी करायला शिकवा."

"का? देवाची हाक ऐकू आली?"

"पोटाची आली. कोरणाऱ्या माणसाला इथे दोन घास मिळतात. मला दुसरं काही येत नाही."

"हे तरी कुठे येतंय?" व्हेनान्स म्हणाला. "तिकडे कुणी ठेवून घेतलं नाही, म्हणून आलास माझ्या बोकांडी बसायला. असं कर, लाकूड घेऊन ये आधी. जुनं, पक्कं मिओ. तुझ्या मांडीपेक्षा जाड. मग बघू."

ही कटवण्याची भाषा होती. इतकं जाड मिओ दरीत आता सहज मिळत नाही, हे व्हेनान्सला ठाऊक होतं. शहाणा माणूस समजला असता आणि घरी गेला असता. दामास शहाणा नव्हता. तो लाकूड घेऊन आला.

घोड्याला साखळी बांधून त्यानं तो ओंडका अंगणापर्यंत ओढत आणला. घामानं निथळत होता, चेहऱ्यावर लग्नातल्या नवऱ्यासारखा आनंद. "काका, बघा! मांडीपेक्षा जाड!"

व्हेनान्स ओंडक्याकडे बघत राहिला.  ताहियानी पडवीत नीरफणस खरवडत बसली होती, मी तिच्या हातात. ती उठून आली. ओंडक्याच्या सालीत एक लोखंडी कडी रुतलेली होती, अर्धी लाकडानं गिळलेली. तिनं त्या कडीवर बोट ठेवलं.

"अहो," ती म्हणाली, "हे रेमीचं झाड आहे."

रेमी त्यांचा एकुलता एक मुलगा. आमच्याकडे मूल जन्मलं की बाप त्याची वार जमिनीत पुरतो आणि त्यावर झाड लावतो. ते झाड त्या मुलाचं. ते वाढतं तसं मूल वाढतं, आणि माणूस कुठेही गेला तरी त्याचं झाड घरी उभं असतं. रेमी सैन्यात गेला होता, समुद्रापार फ्रान्सला. लहानपणी त्यानं आपला घोडा बांधायला त्या झाडाला कडी ठोकली होती. ताहियानी रोज संध्याकाळी ओढ्यावर जायची ती पाण्यासाठी नव्हे. घरात नळ होता. ती त्या झाडाला बघायला जायची.

मी तिच्या मुठीत होते. तिनं मला वळवलं आणि दामासच्या पोटाकडे रोखलं. तो हातभर अंतरावर उभा होता. मला मनापासून वाटलं, चल, पुढे हो बाई. पण ती थांबली.

"काकू, देवाशपथ," दामास पांढराफटक पडला होता. "मला वाटलं आजीच्या वाटणीतलं आहे. ओढ्यापलीकडचं."

आता ही चूक आमच्याच बेटांवर होऊ शकते. ओढ्यापलीकडच्या जमिनीची वाटणी पिढ्यानपिढ्या झालेली नाही. सगळे भाऊबंद त्या जमिनीचे मालक आणि तिथलं प्रत्येक झाड प्रत्येकाला आपलंच वाटतं. नारळ कुणीही पाडतो. पण झाडाला हात लावण्याआधी घराघरांत विचारायचं असतं, हे कुणाचं? दामास इतकी वर्षं शहरात राहिला आणि नेमकं तेवढं विसरला.

"ह्याला विचारा," ताहियानी नवऱ्याकडे बघत म्हणाली, "विचारायला तोंड नव्हतं का ह्याला? माझं पोर बंदूक घेऊन परक्या मुलखात उभं आहे, आणि हा त्याला इथे कुऱ्हाडीनं पाडतो!"

ती दामासशी बोलली नाही. त्या दिवसापासून एक शब्द बोलली नाही. त्याला काही सांगायचं झालं तर नवऱ्याला सांगायची, नवरा नसला तर कुत्र्याला.

व्हेनान्स पायरीवर बसला. तो म्हणाला, "हे लाकूड चुलीत जाणार नाही. विकलंही जाणार नाही. ज्यानं पाडलं त्यानंच ते उभं करायचं. ह्याचा टिकी कर आणि रेमीच्या जागेवर राखणदार म्हणून उभा कर. तो सुट्टीवर यायच्या आत."

"मला येत नाही, काका."

"ते दिसतंच आहे."

"तुम्ही केलात तर..."

व्हेनान्सनं आपली वाकडी बोटं त्याच्या नाकासमोर धरली. "ह्यांनी? मला सकाळी पँटचं बटण लावता येत नाही, रेड्या."

"आणि लाकडाला तडा गेला तर?" ताहियानीनं विचारलं. ओलं मिओ तडकतं, हे बेटावर शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. "त्याला सांगा. तडा गेला तर माझं पोर परत येणार नाही असं मी समजेन. मग त्यानं ह्या बेटावर कुठे राहायचं ते त्याचं त्यानं बघावं."

असं शिक्षण सुरू झालं. शिक्षण कसलं, भांडणच ते. शिकवणारा चिडलेला, शिकणारा भ्यालेला, घरची बाई शत्रू, आणि हत्यार म्हणून मी. माझी काजळी काढली, धार लावली, आणि त्या धसमुसळ्या माणसाच्या हातात दिलं. त्याची पकड! माणूस बुडताना दोर धरतो तशी धरायचा. मुठीला घाम. मोगरीचा पहिला घाव त्यानं माझ्यावर न घालता स्वतःच्या अंगठ्यावर घातला, तेव्हा मला जरा बरं वाटलं.

"लाकूड काय तुझं कर्ज बुडवून पळालंय?" व्हेनान्स ओरडायचा. "हळू! आधी उभा घाव घाल, आखलेल्या रेषेवर. मग आडवा. उभा घाव म्हणजे कुंपण. कुंपण न घालता डुकरं सोडलीस तर कुठवर जातील?"

डुकरं गेलीच. उभा घाव न घालता त्यानं मला हाताच्या बोटांमध्ये घुसवलं आणि टिकीचं एक बोट टणकन उडून कोंबड्यांत पडलं.

"बोट गेलं," दामास म्हणाला.

"राहिलेली मोज. आता त्या हाताला तीनच बोटं ठेव, आणि दुसऱ्याही हाताला तीनच. कुणी विचारलं तर म्हणायचं, आमच्या घराण्यात अशीच असतात."

पडवीतून कुत्र्याला उद्देशून आवाज आला, "ऐकलंस का रे? माझ्या पोराची बोटं तोडली मेल्यानं."

ओंडक्याच्या दोन्ही टोकांना मेण फासलेलं असायचं. टोकांतून पाणी भराभर उडून गेलं की लाकूड तडकतं, म्हणून. काम संपलं की ओली पोती गुंडाळायची, वर केळीची पानं, आणि सगळं शेडच्या आतल्या कोपऱ्यात, सावलीत. दामास रोज सकाळी पोतं उचलून आधी तडा शोधायचा. ताहियानीही शोधायची, तो यायच्या आधी. हे त्याला माहीत नव्हतं. मी बघत होते.

एकदा गुडघ्याजवळ कोरताना माझी धार कशाला तरी खटकन लागली. ती कडी उपटली होती, पण तिचा खिळा आत राहिला होता. जाणत्या माणसाच्या हाताला ते पहिल्या घावात कळलं असतं. ह्याला वाटलं, गाठ आहे. त्यानं मोगरी उचलली आणि दणादण घातले घाव. माझ्या धारेचा एक कोपरा तुटून उडाला.

मित्रांनो, इतक्या वर्षांत व्हेनान्सनं माझ्यावर ओरखडा पडू दिला नव्हता. आणि हा बघा! मी इतकी संतापले की पुढच्याच घावाला निसटून त्याच्या डाव्या तळहातात शिरले. चांगली खोल शिरले. रक्ताची धार टिकीच्या पोटावर पडली. माफी बिफी मी मागणार नाही. त्याचीच चूक होती, लाकूड धरलेला हात पटाशीच्या वाटेत ठेवायचा नाही हे त्याला रोज सांगितलं जात होतं.

"बरं झालं," व्हेनान्स फडकं फेकत म्हणाला. "आता विसरणार नाहीस. रक्त पूस आधी, लाकडात मुरलं तर निघणार नाही."

त्याला वाटलं होतं हात बरा होईपर्यंत दामास येणार नाही. दामास दुसऱ्या दिवशी आला. फडकं बांधून आला आणि दिवसभर बसून माझी धार लावली. दगडावर पाणी, मग मी, मग पाणी, मग मी. तुटलेला कोपरा गोल होईपर्यंत. चुकीच्या कोनात लावली, सांगायलाच नको. व्हेनान्सनं शिव्या घातल्या, त्यानं परत लावली.

हळूहळू टिकी दिसायला लागला. आणि इथे ह्या शहाण्यानं पुढचा पराक्रम केला. नाकाचं काम अर्धवट, कानांची जागा नुसती आखलेली, आणि चर्चमधून येताना त्याला कुणीतरी म्हणालं, "दामास, तुझा टिकी करवंटीसारखा खडबडीत आहे रे." झालं. घरी येऊन त्यानं पॉलिश पेपर घेतला आणि सबंध टिकी घासून काढला. गुळगुळीत! स्वतःच खूश. दुसऱ्या दिवशी उरलेलं नाक कोरायला मला घेतलं.

पॉलिश पेपरची वाळू लाकडाच्या रेषांत अडकून बसते. नुसत्या डोळ्यांना दिसत नाही. त्यावर पटाशी चालवणं म्हणजे तुम्हाला खडे घातलेला भात खायला देणं. दहाएक घावांत माझी धार बोथट झाली, आणि बोथट पटाशी कापत नाही, चिरडते. नाक बसकं झालं ते त्यामुळे.

"आधी सगळं कापून संपव, मग घास!" व्हेनान्सचा आवाज ओढ्यापर्यंत गेला असेल. "तुला जेवायच्या आधी आचवायची सवय आहे का रे?"

"चुकलं, काका."

"चुकलं काय! दुसरं काही येतं का तुला? चुकणं सोडून?"

दामास पहिल्यांदा चिडला. मोगरी खाली आपटून म्हणाला, "मग कशाला शिकवता? सगळं गाव थुंकतं माझ्यावर. माझी आजी जेवताना माझ्याकडे बघत नाही. काकू कुत्र्याशी बोलतात पण माझ्याशी नाही. मी काय मुद्दाम पाडलं ते झाड?"

 व्हेनान्स शांतपणे म्हणाला, "मुद्दाम पाडलं असतंस तर मी तुला पटाशी दिली नसती. उचल मोगरी."

रेमीला घेऊन बोट यायचे दिवस जवळ आले. लाकूड आतून अजून ओलसर होतं आणि ओल्या लाकडात तेल नीट मुरत नाही. दामासनं विचार केला, जरा ऊन दाखवू. थोडंसंच. रविवारी व्हेनान्स आणि ताहियानी चर्चला गेले होते, तेव्हा त्यानं पोती काढली आणि टिकीला अंगणात उन्हात उभं केलं. प्रार्थना लांबली. ऊन चढलं.

तो आवाज मी ऐकला. सुकी शेंग फुटावी तसा, बारीक. पाठीवर, मानेच्या खालपासून कमरेपर्यंत, नखभर रुंद तडा.

 दामासनं तेच केलं जे भित्रा माणूस करतो. डिंक आणला, त्यात भुसा कालवला, तडा भरला, वरून घासून घासून सपाट केला. मग टिकीची पाठ भिंतीकडे करून त्याला कोपऱ्यात ठेवलं.

पण ताहियानी रोज तपासत होती ना. त्या संध्याकाळी तिनं पोतं उचललं आणि पाठीवरून बोटं फिरवली. भुशाचा तो भाग लाकडाहून वेगळा लागतो, गार नसतो. तिनं नख खुपसलं. डिंक अजून मऊ होता.

ती ओरडली नाही. ओरडली असती तर बरं झालं असतं. ती नवऱ्याला म्हणाली, "अहो, तडा गेलाय. आणि त्यानं तो लपवलाय," आणि चर्चमध्ये जाऊन बसली. घरी दोन वेळचं जेवण झालं नाही.

व्हेनान्सनं दामासला बोलावून घेतलं. मला वाटलं आता हा त्याला मारणार, आणि मला ते बघायचं होतं.

"तडा लाकडाला जातो," व्हेनान्स म्हणाला. "माझ्याही टिकींना गेलेत. पण माझ्या मुलाच्या झाडात तू भुसा भरलास? काढ तो. सगळा. मुळापर्यंत."

माझ्याच धारेनं तो चिकट लगदा त्यानं खरवडून काढला. मग तड्याच्या दोन्ही कडा सरळ केल्या. त्याच झाडाचा राहिलेला तुकडा घेतला, रेषा जुळतील अशी बाजू शोधली, आणि पाचर तासली. लांब, बारीक, एका बाजूला निमुळती. व्हेनान्स प्रत्येक घाव बघत होता. मीही सगळ्या घावांत काहीतरी चूक शोधत होते. उभा घाव, मग आडवा. लाकडाच्या रेषेबरोबर. हात पटाशीच्या मागे. पाचर तड्यात ठेवून त्यानं मोगरीनं हलकेच ठोकली, आणि ती अशी बसली की मध्ये केससुद्धा शिरला नसता.

व्हेनान्सनं त्यावरून हात फिरवला. "ही दिसू दे," तो म्हणाला. "रंग लावून लपवू नकोस." एवढंच. त्यापेक्षा जास्त कौतुक त्यानं कधी कुणाचं केलं नाही. मला मात्र राग आला, कारण घाव चांगला होता आणि मला ते नाकारता येईना.

मग घासकाम, पण यावेळी सगळं कापून झाल्यावर. आधी जाड कागद, मग मध्यम, मग बारीक, कायम रेषेच्या दिशेनं. ओल्या फडक्यानं पुसायचं, उभे राहिलेले तंतू सुकले की परत घासायचं. टिकी ओढ्याकाठी नेला, झाडाच्या खुंटाशेजारी दगडी चौथरा करून त्यावर उभा केला. तेल लावायचं तेवढं राहिलं होतं.

आणि बोट आली. ताहियानी धक्क्यावर काळे कपडे घालून गेली. बायका तिच्याकडे बघून बाजूला सरकल्या. होडीतून माणसं उतरली, सिमेंटच्या गोण्या उतरल्या, शेवटी एक गलेलठ्ठ, लालबुंद गालांचा जवान उतरला आणि ओरडला, "काओहा, आई! हे काय, कोण गेलं?"

ती त्याच्या छातीवर बुक्के मारत रडली. आणि मग हसली.

जेवण ओढ्याकाठीच मांडलं. नारळाच्या दुधातला कच्चा मासा, बोकड, आंबवलेल्या नीरफणसाचा पोपोई. दामास लांब उभा होता. त्याला कुणी बसायला सांगितलं नव्हतं. टिकीच्या काखेत एक खरखरीत जागा राहिली होती, ती काढून तेल लावायला व्हेनान्सनं त्याला बोलावलं होतं. एका हातात मी, दुसऱ्या हातात तेलाचं फडकं.

रेमी टिकीसमोर उभा राहिला. "हा कोण? ह्याच्या नाकावर घोडा बसला होता का?"

सगळे हसले. ताहियानीसुद्धा. दामासचे खांदे जरा खाली आले. मला वाटलं, सुटला मेला.

"आता कायमचा कधी येतोस?" व्हेनान्सनं विचारलं.

रेमीनं हातातला घास ताटलीत ठेवला. "बाबा, मी परत सही केलीय. अजून पाच वर्षं. आणि तिकडे एक मुलगी आहे. तिला इकडे राहायला नाही जमणार. म्हणजे... येत जाईन मी. सुट्टीला."

 ताहियानी उठली. हात पुसले. सावकाश चालत दामासपाशी आली आणि त्याच्या डोळ्यांत बघत म्हणाली, "दामास."

झाड पडल्यापासून तिच्या तोंडून त्याचं नाव निघालं नव्हतं. त्याच्या हातातलं फडकं पडलं.

"हं, काकू?"

"ते नाक बदल. ह्याचं नाक काढ त्यावर. डोळेही ह्याचेच काढ. समोर बसलाय, नीट बघून घे."

आमच्याकडे टिकी गेलेल्या वाडवडिलांचा असतो. जिवंत माणसाचं तोंड त्यावर कुणी काढत नाही. ताहियानीला हे ठाऊक नव्हतं असं समजू नका.

"आई! काय बोलतेस तू?" रेमी उभा राहिला.

"तू गप्प बस. तू गेलास." ती वळलीही नाही. "वर्षभर मी ह्या माणसाशी बोलले नाही. का, तर ह्यानं माझ्या पोराचं झाड पाडलं. हा निदान ओंडका घेऊन माझ्या दारात तरी आला. तू काय आणलंस? चल दामास, घाल घाव. तुला शिकायचं होतं ना?"

व्हेनान्स मान खाली घालून बसला. 

दामासनं मला टिकीच्या नाकाच्या उंचवट्यावर टेकवलं. माझी धार वस्तऱ्यासारखी होती, त्यानंच लावलेली. एक घाव, आणि ती बाई त्याच्याशी बोलायला लागणार होती. गाव त्याला परत जवळ करणार होतं. मी लाकडाला लागले होते. दोन तंतू कापलेसुद्धा.

मग त्यानं मला उचललं. आपटलं नाही, फेकलं नाही. खाली वाकून दगडावर ठेवलं, धार वर राहील अशी.

"नाही काकू."

"का? पाडता येतं, कोरता येत नाही?"

"आता येतं. म्हणूनच नाही म्हणतोय." त्यानं पडलेलं फडकं उचललं. "एकदा न विचारता घाव घातला मी. तो जन्मभर पुरेल मला. हा तुम्ही सांगितलात तरी नाही घालणार. तो जिवंत आहे. तुम्ही माझ्याशी नका बोलू. चालेल मला."

ताहियानीनं खाडकन त्याच्या थोबाडीत दिली. सगळ्या दरीला ऐकू गेलं असेल. मग ती झाडाच्या खुंटावर बसली आणि मोठ्यानं, तोंड न झाकता रडली. रेमी जवळ गेला तर तिनं त्याला ढकललं. तो पुन्हा जवळ गेला, तिनं पुन्हा ढकललं. तो तिच्या पायाशी बसून राहिला.

शेवटी ती नाक पुसत दामासला म्हणाली, "उभा काय राहिलास? तेल लाव त्याला. ऊन चढतंय."

त्यानं तेल लावलं. रेमीनं दुसरं फडकं उचललं, ते तिनं त्याच्या हातातून हिसकून घेतलं आणि टिकीच्या पाठीला, पाचरीवर, स्वतः तेल चोळलं.

सुट्टी संपली तेव्हा रेमी बोटीनं परत गेला. ताहियानी धक्क्यावर गेली. त्याच्याशी बोलली नाही, पण गेली.

मी आता दामासच्या पेटीत असते. त्याच्याबद्दलचा माझा राग गेलेला नाही. माझा तुटलेला कोपरा भरून आला नाही, मग राग का जावा? पण त्या दिवशी त्यानं मला खाली ठेवलं तेव्हा मी त्याच्या हातून निसटायचा विचार सोडून दिला, हे खरं आहे.

मित्रांनो, हत्याराची काळजी घ्या. माझी धार नेमानं दगडावर लावा, मुठीला तेल द्या, वाळू बसलेल्या लाकडावर मला चालवू नका, आणि काजळी खरवडायला तुमच्या घरात चमचे असतील ते घ्या. आणि कधी कुणी दुखावलेलं माणूस माझ्याकडे बोट दाखवून तुम्हाला म्हणालं, 'घाल घाव', तर मला खाली ठेवा. मी ट्रकचं लोखंड आहे. मला कापता येतं, थांबता येत नाही. थांबायचं तुम्हालाच आहे.